मधल्या खांबाचा झेंडा

मामा नाट्यगृहात पडदा ओढायचे. एकतीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं आणि करावंसं वाटलंही नव्हतं. सख्खी भाचरं दोनच, पण व्यवस्थापकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. नटांनी रडावं, हसावं, वाकून वाकून टाळ्या घ्याव्यात, आणि मामांनी विंगेत दोर धरून घंटेकडे कान लावून उभं राहावं. घंटा झाली की ओढायचा. आधी नाही, नंतर नाही. एकदा भर प्रयोगात नायकाला भोवळ आली आणि तो धाडकन उताणा पडला. सगळे "पडदा, पडदा" म्हणून कुजबुजत होते, तरी मामांनी घंटा होईपर्यंत दोर हलवला नाही. त्याबद्दल त्यांना बोलणी बसली. ती त्यांनी शाबासकीसारखी जपून ठेवली.

मग देशाला खेळांचं वेड लागलं. खेळायचं नव्हे, भरवायचं. साठ-पासष्ट देश येणार, चोवीस खेळ होणार, सोळा दिवस जग आपल्याकडे बघणार. रस्ते धुऊन निघाले, दुभाजकावर कुंड्या आल्या, भिंतींवर सिंहासारख्या छातीचे खेळाडू रंगवले गेले. सरकारने 'पदक आराखडा' नावाचं एक जाडजूड पुस्तक काढलं. कोणत्या खेळात किती सोनं, किती रुपं, हे त्यात पानोपान छापलं होतं. खेळाडूंना तेवढं कुणी ते वाचून दाखवलं नव्हतं.

मामांचा या सगळ्याशी संबंध आला तो दोरामुळे. पदकं देताना झेंडे वर जातात, आणि विजेत्याच्या राष्ट्रगीताचा शेवटचा सूर संपतो त्या क्षणी ते टोकाला पोचायला हवेत, असा रिवाज. त्यासाठी यंत्र आणलं होतं. तालमीत ते मध्येच अडकलं आणि झेंडा अर्ध्यावर लोंबकळत राहिला. अर्ध्यावरचा झेंडा म्हणजे कुणीतरी गेलं असा अर्थ होतो. समारंभाच्या साहेबांना घाम फुटला. तेव्हा कुणाला तरी नाट्यगृहातल्या मामांची आठवण झाली, आणि मामा सरकारी पत्राने सोळा दिवसांसाठी मोठ्या बंदिस्त क्रीडागृहात उसने गेले.

तिथे तीन खांब होते. मधला उंच, सोन्याचा. उजवीकडचा त्याहून ठेंगणा, रुप्याचा. डावीकडचा सगळ्यांत बुटका, तो कांस्याचा. मधला दोर मामांचा, बाजूचे दोन त्यांच्या हाताखालच्या दोघांचे. आपलं राष्ट्रगीत पन्नास सेकंदांचं. मामांनी चार महिने त्याचा सराव केला. घरात कपडे वाळत घालायच्या दोरीवर टॉवेल बांधून ते गीत गुणगुणत ओढायचे आणि बायको म्हणायची, "अहो, ओला आहे तो, माझ्या अंगावर पाणी उडतंय."

एवढी मेहनत काही देशासाठी नव्हती. म्हणजे देशासाठीही होती, पण त्याहून जास्त लेकीसाठी होती.

लेक तेवीस वर्षांची, वजन अठ्ठेचाळीस किलो, घरातलं नाव चिमटी. जन्मली तेव्हा चिमटीत मावेल एवढी होती म्हणून. नवव्या वर्षी तिने ज्युडो धरला, तो नाट्यगृहाच्या अडगळीत पडलेल्या गाद्यांवर. तालीम संपली की मामा त्या गाद्या रंगमंचावर अंथरायचे आणि ही पोरगी तिच्याहून दीडपट वजनाच्या मुलींना त्यांच्यावर आपटायची. आता ती देशाच्या संघात होती. संघात होती म्हणजे काय, तर यजमान देशाला प्रत्येक वजनात एक जागा न मागता मिळते, त्या जागेवर होती. तिच्याबरोबरच्या मुली त्याला 'फुकटची जागा' म्हणत. पदक आराखड्यात ज्युडोच्या रकान्यात नुसती आडवी रेघ होती.

शिबिराला जाण्याआधी ती घरी आली तेव्हा जेवताना म्हणाली, "बाबा, माझा झेंडा तुम्हीच चढवायचा. दुसऱ्याच्या हातात दोर दिसला तर मी खाली उतरून येईन."

"तू आधी वर तर चढ," आई म्हणाली.

"चढेन. पण बाबांनी कबूल करायला हवं."

"कबूल," मामा म्हणाले. "कुठल्याही खांबावर असो. दोर माझ्याच हातात असेल."

हे ते सहज बोलून गेले, पण नंतर त्यांना रात्रंदिवस तेच दिसू लागलं. लेक खाली उभी आहे, मान वर करून बघते आहे, आणि झेंडा तिच्या बापाच्या हातून वर चालला आहे. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या टाळ्यांसाठी दोर ओढला. एकदाच आपल्या माणसासाठी ओढायचा होता. माणसाची याहून लहान इच्छा काय असणार?

खेळ सुरू झाले आणि यजमानांनी यजमानपणाचा कळस गाठला. पाहुण्यांना एकही पदक कमी पडू दिलं नाही. पहिल्या दिवशी वर्तमानपत्रांनी 'सुवर्णसंधी' असा मथळा दिला. तिसऱ्या दिवशी 'झुंजार पराभव' आला. पाचव्या दिवशी 'अनमोल अनुभव'. सातव्या दिवसापासून पाहुण्यांना आपले रस्ते किती आवडले याच्या बातम्या पहिल्या पानावर येऊ लागल्या. ज्या धावपटूच्या छातीचं चित्र स्टेशनच्या भिंतीवर होतं तो पहिल्याच फेरीत सातवा आला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या छातीवर कुणीतरी शिकवणीच्या जाहिरातीचा कागद चिकटवला.

मामांच्या क्रीडागृहात पहिले नऊ दिवस जिम्नॅस्टिक्स होतं. नऊ दिवसांत मामांनी अकरा देशांची राष्ट्रगीतं पाठ केली. एक तर दोन मिनिटांचं होतं, त्याला झेंडा मुंगीच्या पावलांनी न्यावा लागायचा. आपला झेंडा मात्र झेंड्यांच्या खोलीत पेटीत पडून होता. ती पेटी सांभाळणाऱ्या बाई क्रीडा खात्यातल्या, तोंडाने फटकळ. रोज सकाळी त्या तो बाहेर काढून झटकायच्या आणि परत घडी घालायच्या. "याला कसर लागेल हो मामा," त्या म्हणायच्या. "आणि कसर लागली तर त्याचाही अहवाल मलाच लिहावा लागेल."

दहाव्या दिवशी ज्युडो सुरू झाला. पहिलंच वजन अठ्ठेचाळीस किलो.

सकाळच्या पहिल्या लढतीत चिमटीने समोरच्या मुलीला एका मिनिटात पाठीवर टाकलं. प्रेक्षकांत निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या होत्या, तिथून थोड्या टाळ्या आल्या. दुसऱ्या लढतीत ती हरली, पण जिच्याकडून हरली ती पुढे थेट अंतिम फेरीत गेली. ज्युडोत अशा हरलेल्यांना पुन्हा एक वाट मिळते, तिसऱ्या जागेपर्यंत जाणारी. चिमटीने ती वाट धरली. दुपारी एक लढत जिंकली, मग आणखी एक. संध्याकाळी कुठून कुणास ठाऊक, क्रीडागृह खचाखच भरलं. देशाचं पहिलं पदक इथे येऊ शकतं, ही बातमी बाहेर गेली होती. ज्यांनी चिमटीचं नाव दुपारपर्यंत ऐकलं नव्हतं ते आता तिला एकेरीत हाका मारत होते.

मामा डावीकडच्या खांबाच्या माणसाकडे गेले. "आज तू मधला घे. हा मला दे."

"मामा, तुम्ही आणि तिसऱ्या खांबावर?"

"मागतोय ना मी? दे मुकाट्याने."

त्याने दोर दिला. मामांनी तो तळहातावर घासून पाहिला, कप्पीला तेल आहे ना ते पाहिलं.

लढत चार मिनिटांची. तीन मिनिटं दोघी एकमेकींच्या बाह्या धरून नुसत्या ओढत राहिल्या. मामांना तिच्याकडे बघवेना, ते दोराकडेच बघत राहिले. मग एकदम छप्पर उडेल असा आवाज झाला. मान वर केली तर समोरची मुलगी पाठीवर पडलेली आणि चिमटी तिच्यावर वाकून, आपण काय केलं हे न कळल्यासारखी पंचांकडे बघत होती. पंचांचा हात सरळ वर होता. मामा रडले. लाज न वाटता, दोराला डोळे पुसत रडले.

घोळ झाला तो यानंतर.

ज्युडोत तिसऱ्या जागा दोन असतात. दोन वाटांनी दोघीजणी येतात आणि दोघींना कांस्य मिळतं. हे ज्युडो खेळणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. पण क्रीडागृह बांधणाऱ्यांनी, झेंडे शिवणाऱ्यांनी आणि समारंभ ठरवणाऱ्यांनी पहिला, दुसरा, तिसरा असं बोटांवर मोजलं आणि काम उरकलं. पदकांचं तबक आलं त्यात पदकं चार होती. खांब मात्र तीनच.

"एवढंच ना?" मामा म्हणाले. हा पेच त्यांच्या रोजच्या धंद्यातला होता. त्यांनी पडद्याच्या कडेला असते तशी एक आडवी काठी मागवली, ती मधोमध दोराला बांधली. काठीच्या एका टोकाला एक झेंडा, दुसऱ्या टोकाला दुसरा. दोन्ही एकाच उंचीवर, एकाच वेगाने वर जाणार. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम. झेंडे आणायला ते पेटीवाल्या बाईंकडे गेले.

बाई पेटीत हात घालून उभ्या होत्या. "मामा, आपला लहान नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"शिवलाच नाही."

मधल्या खांबाचा झेंडा बाजूच्या झेंड्यांपेक्षा मोठा असतो. म्हणून प्रत्येक देशाचे झेंडे दोन मापांत शिवून आणले होते, सोन्यासाठी मोठा, बाकीच्यांसाठी लहान. कुणाचं कधी काय येईल सांगता येत नाही. फक्त एका देशाच्या पुढे कागदावर लिहिलं होतं: मोठा, दोन नग. लहानाच्या रकान्यात काही नव्हतं. बाई त्या बैठकीला हजर होत्या. "आपला लहान कशाला?" असं समारंभाचे साहेब म्हणाले होते, "तिसरं यायला खेळ भरवलेत का आपण?" त्यावर टाळ्या पडल्या होत्या. बाईंनीही वाजवल्या होत्या.

मामांनी मोठा झेंडा काठीच्या टोकाला लावून पाहिला. शेजारी दुसऱ्या देशाचा निळा-पांढरा लहान. काठी एका बाजूला कलली. तेवढ्यात त्या देशाच्या संघाचा व्यवस्थापक आला आणि म्हणाला, दोघी तिसऱ्या, मग झेंडे सारखे हवेत. तो काही चुकीचं बोलत नव्हता. त्यांचाही मोठा लावावा तर दोन मोठे एका काठीवर मावेनात, आणि लांब काठी शेजारच्या खांबात अडकली असती.

मग तेच साहेब आले. सूट, छातीवर बिल्ला, कानात यंत्र. "सात मिनिटं आहेत. मंत्री बसलेत. जगभर थेट दिसतंय. काय चाललंय इथे?"

सांगून झालं. साहेबांचा चेहरा पडला, पण लगेच सावरला.

"दुमडून टाचू का साहेब?" मामा म्हणाले. "लहानाएवढा होईल. सुई-दोरा आहे माझ्याकडे."

"दुमडलेला झेंडा? जगासमोर?"

"मग कडा कापून..."

"कात्री? झेंड्याला? आत जायचंय का तुम्हाला?"

"तुमच्या गाडीवरचा लावा," पेटीवाल्या बाई म्हणाल्या. साहेबांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्या पेटीत डोकं घालून काहीतरी शोधू लागल्या.

साहेबांनी क्षणभर डोळे मिटले आणि उघडले तेव्हा त्यांना मार्ग सापडला होता. अशा माणसांना तो नेहमीच सापडतो. "हे बघा, आपण यजमान आहोत. पाहुण्यांचा झेंडा बाजूला ठेवून आपला पुढे रेटणं बरं दिसतं का? पाहुण्यांचा लावा. आपला झेंडा वरच्या त्या चित्रपडद्यावर दाखवू. हा एवढा! खांबापेक्षा मोठा दिसेल. शिवाय आपल्याच घरात आपला झेंडा सगळ्यांत बुटक्या खांबावर... उद्या हाच फोटो छापतील."

"साहेब," मामा म्हणाले, "ती माझी मुलगी आहे."

साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. अगदी मायेने. "अरे वा, अभिनंदन. मग तर तुम्ही जास्त समजून घ्याल. मी खूण करीन तेव्हाच ओढायला लागा."

ते गेले. मामा काठी सोडवू लागले. गाठ त्यांनीच घट्ट मारली होती, सुटता सुटेना.

पेटीवाल्या बाई जवळ आल्या, हातात मोठा झेंडा. "मामा, हा लावा तुम्ही. एकटा. बघू काय होतंय."

"आणि त्या पोरीचं काय? तीही जिंकलीय."

"तिच्याकडची माणसं भांडतील, मग तिचाही लागेल. नाही कोण म्हणणार? पण तुमच्या पोरीसाठी कोण भांडणार आहे? एकदा हा वर गेला की खाली ओढायची कुणाची छाती आहे? मंत्री उठून उभे राहतील. साहेब स्वतः टाळ्या वाजवतील. धरा."

बाई बोलत होत्या ते शंभर टक्के खरं होतं. मामांनाही ते पटलं, आणि त्यांच्याकडे दोन मिनिटं होती. एवढ्या वेळात त्यांनी झेंडे काय, अख्खा देखावा बदलला असता. पण पडदेवाल्याने कुठला पडदा पाडायचा हे स्वतः ठरवायचं नसतं. एकतीस वर्षं हेच त्यांनी इमानाने केलं होतं, आणि आता त्यांना कळत होतं की या इमानात भीती किती होती ते त्यांनी कधी मोजून पाहिलंच नाही. हात पुढे होईना. बाईंनी झेंडा पोटाशी धरला आणि त्या मागे सरल्या.

दोर निदान दुसऱ्या कुणाला देता आला असता. तेही सुचलं नाही.

चौघी जणी आल्या. चिमटी सगळ्यांत बुटकी, पांढऱ्या पोशाखाची बाही खांद्याशी उसवलेली. तिच्या गळ्यात पदक पडलं तेव्हा लोक खुर्च्यांवर उभे राहिले. तिने मान वर करून खांबांकडे पाहिलं. आधी मधला, मग उजवा, मग डावा. डाव्या खांबाच्या तळाशी तिला बाप दिसला आणि ती हसली. मग त्याच्या दोराला काय लावलं आहे ते दिसलं.

साहेबांनी खूण केली. सुवर्ण जिंकलेल्या देशाचं गीत सुरू झालं आणि मामा ओढू लागले. हात थरथरले असते, दोर मध्येच अडकला असता, तर नंतर सांगायला काहीतरी उरलं असतं. पण हात शहाणे होते. निळा-पांढरा झेंडा एका लयीत वर गेला आणि शेवटच्या सुराला टोकाला टेकला. सोळा दिवसांत इतका नेमका एकही गेला नाही. वरच्या पडद्यावर मंत्री टाळ्या वाजवताना दिसत होते, त्यानंतर जाहिरातीतले बूट दिसले, त्यानंतर थंड पेयाची बाटली. आपला झेंडा आला की नाही हे मामांनी पाहिलं नाही. आला असेल तर बाटलीनंतर आला असेल.

समारंभ आटोपल्यावर सगळे चिमटीभोवती जमले. फोटो झाले, मंत्र्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, साहेबांनी तिला 'देशाची लेक' म्हटलं. मामा लांबून बघत होते. अर्ध्या तासाने ती खेळाडूंच्या मार्गिकेत आली तेव्हा ते तिथे बाकावर बसले होते. ती शेजारी बसली. पदक गळ्यात होतं आणि ती ते मुठीत धरून होती.

"बाबा, काय चुकलं माझं?"

"तुझं? तुझं काय चुकणार?"

"मग झेंडा का नव्हता? मला वाटलं पंचांनी माझी शेवटची फेक बाद केली आणि मला सांगायचं राहून गेलं. अख्खं गीत संपेपर्यंत मी तेच आठवत होते. पाय रेषेबाहेर गेला होता का, पकड चुकीची होती का. आता येतील आणि पदक काढून घेतील असं वाटत होतं." ती थांबली. "पहिल्यांदा वाटलं त्यांचाच काहीतरी गोंधळ झालाय. पण दोर तुमच्या हातात होता. म्हटलं, बाबा ओढतायत म्हणजे चूक माझीच असणार."

साहेबांची सगळी वाक्यं मामांच्या जिभेवर आली. यजमान, पाहुणे, वेळ, पडदा. त्यांना त्यातलं एकही बोलवेना.

"चुकलं नाही गं बाळ. झेंडा होता. पण मोठा होता."

"मोठा म्हणजे?"

"सोनं आलं तर लागेल म्हणून मधल्या खांबाच्या मापाचा शिवला होता. तिसऱ्या खांबाच्या मापाचा कुणी शिवलाच नाही."

चिमटीने शांतपणे ऐकून घेतलं. लढत हरून आल्यावर काय चुकलं ते प्रशिक्षकाकडून ऐकावं तशी मान हलवली. मग मूठ सोडली, पदक गळ्यातून काढलं आणि बाकावर दोघांच्या मध्ये ठेवलं.

"म्हणजे मीच कमी पडले," ती म्हणाली.